वाकळीचा चौथा कोपरा

‘ही गोधडी शिवणारी स्त्री आयुष्यभर कोणाशी फारशी बोलली नाही. मांजरे हीच तिची माणसे होती. ही तिची शेवटची गोधडी. ती तिने कोणासाठीच शिवली नव्हती, म्हणून ती कोणी कधी पांघरली नाही.’

वर्ध्यात एका सभागृहात जुन्या शिवणकामाचे प्रदर्शन भरले आहे. तेथे भिंतीवर माझ्या बहिणीची वाकळ टांगली आहे आणि तिच्याशेजारी पांढऱ्या पुठ्ठ्यावर हा मजकूर छापून लावला आहे. लिहिणारी माझी पुतणी मुक्ता. ती पुण्यात असते, कापडांचा अभ्यास करते, आणि तिची भाषा चांगली आहे. मजकूर सुंदर आहे, हे मी मान्य करतो. परंतु सुंदर मजकूर आणि खरा मजकूर यांतला फरक मला कोणी शिकवू नये. हिंगणघाटच्या न्यायालयाबाहेर, टिनाच्या छपराखाली, मी हयातभर लोकांचे अर्ज लिहिले. दुसऱ्यांचे म्हणणे मांडता मांडता माझे केस पिकले. आज प्रथमच स्वतःचे म्हणणे मांडतो आहे. अर्जातली मुख्य बाब शेवटी यावी, अशी माझी जुनी पद्धत आहे. ती मी इथेही सोडणार नाही.

आरंभीच एक किरकोळ हरकत. आमच्या घरात गोधडी हा शब्द नव्हता. आमच्याकडे वाकळ होती, आणि बोलण्यात तिची वाकय होत असे. गोधडी म्हटले की ती पुण्याची होते.

‘कोणी कधी पांघरली नाही’ एवढे शब्द मात्र खरे आहेत. साऱ्या मजकुरात तेवढेच खरे आहेत, आणि तेवढेच मला लागले.

त्या वाकळीसमोर उभा राहिलो तेव्हा आधी वास आला. पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या सुताला एक कडवट, कोरडा वास येतो. तो प्रदर्शनाच्या दिव्यांत आणि गुळगुळीत फरशीवरही गेलेला नव्हता. मागे कोणी तरी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढत होते. मी मात्र छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून उन्हाची नाणी पडणाऱ्या आमच्या मधल्या खोलीत पोचलो होतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती कारंज्याहून, सासरहून, एका दुपारी परत आली. सोबत पत्र्याची पेटी आणि झाकणाच्या टोपल्यात एक करडी मांजरी. ती का परत आली, हे आमच्या घरात कोणी विचारले नाही, आणि मीही इथे सांगणार नाही. मला आठवते ते एवढेच, की टोपल्यातून ओल्या तणसाचा वास येत होता, आणि उंबऱ्यात उभी राहून अक्का हसत होती. वाटेत एसटीच्या वाहकाशी तिची चकमक झाली होती.

“तो म्हने, बाई, मांजराची अर्धी तिकीट लागन,” ती सांगू लागली. “म्या म्हटलं, अर्धी काऊन? मांजर तं अख्खं हाय. नाई तं अर्धं तुमीच ठेवा, बाकीचं मले द्या.”

“मंग?” माझ्या धाकट्या भावाने विचारले. तो तेव्हा स्वतःच वाहकाच्या नोकरीच्या खटपटीत होता.

“मंग काय! सारी गाडी हासली. त्यालेई हासू आलं.”

मायने, म्हणजे आमच्या आईने, तिच्याकडे एकदा पाहिले, पेटीकडे एकदा पाहिले, आणि म्हणाली, “आली तं आली. पयले त्या मांजराले दूध पाजा.”

इतकेच. यापुढे त्या विषयावर आमच्या घरात अक्षर निघाले नाही. त्या करड्या मांजरीचे नाव भुरी.

आता चौकटींविषयी. आमच्या भागातल्या बाया जुनी लुगडी एकावर एक अंथरतात आणि जमिनीवर बसून, वाकळीच्या कडेने फिरत, सलग दोरा घालतात. अक्काला एवढी जमीन मिळाली नाही. घर लहान, माणसे पुष्कळ. ती भिंतीला पाठ टेकून बसे, आणि ती बसली की भुरी येऊन मांडीवर निजे. भुरी निजल्यावर जेवढी मांडी उरेल तेवढ्यावर अक्काला काम करणे भाग होते. म्हणून ती चार चिंध्या जोडून एक चौकट करी, ती पूर्ण झाली की गादीखाली सरकवी आणि दुसरी घेई. हिवाळ्याच्या तोंडाशी सगळ्या चौकटी बाहेर निघत आणि एकमेकींना जोडल्या जात. मुक्ताच्या पुठ्ठ्यावर, खाली बारीक अक्षरांत, असेही लिहिले आहे की ‘चौकटींच्या लहान आकारातून एका एकाकी मनाचा संकोच जाणवतो.’ संकोच कसला? भुरी जाडी होती.

मजकूर लिहिणाऱ्याने आधी मांजराचे वजन विचारावे.

त्या चौकटींत आमचे सारे घर येऊन बसत असे. वडिलांचे धोतर, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. मायच्या लुगड्याचा हिरवा काठ. भावाला नोकरी लागल्यावर त्याच्या खाकी सदऱ्याच्या बाह्या. माझे पांढरे सदरे, ज्यांच्या खिशापाशी शाई सांडलेली असायची. अक्का डाग कापून टाकत नसे. ती तो चौकटीच्या मधोमध घेई. मी एकदा हरकत घेतली.

“अक्का, डागाचं कापड कायले घेतं? चांगलं घे नं.”

“डाग नसला तं कोनाचा सदरा होता ते कसं समजन?” ती म्हणाली. “पांढरं कापड तं दुकानातई भेटते.”

दोरा ती मेणाच्या खड्यावरून ओढून घेई. त्या मेणाचा वास, उन्हात तापलेल्या कवेलूंचा वास, आणि गिरणीच्या बाजूने वारा आला की सरकीच्या तेलाचा एक जड, गोडसर वास. कापसाच्या हंगामात जिनिंगमधून तंतू उडत येत आणि खिडकीच्या गजांवर, भुरीच्या मिशांवर, मायच्या केसांवर बसत. कोणी म्हातारे झाले आणि कोणावर कापूस बसला, हे त्या दिवसांत चटकन ओळखू येत नसे. गिरणीचा भोंगा झाला की भुरी एक कान हलवी. डोळे मात्र उघडत नसे.

न्यायालयाला सुट्टी असली की मी दुपारी तिथेच, समोरच्या खुर्चीवर, पानाचा डबा घेऊन बसे. आमच्या घरात सुपारी खाणारा मी एकटा. वडिलांना ती चालत नसे, भावाला आवडत नसे, आणि बायांनी खाणे मायला पसंत नव्हते. माझा अडकित्ता कट्‌ वाजे आणि अक्काचे दात दोरा तोडताना तट्‌ वाजत. कितीतरी दुपारी आमच्यात याहून अधिक संभाषण झाले नसेल. पण ज्या घरात दोन आवाज एकमेकांची वाट पाहतात, त्या घरातल्या बाईला एकाकी म्हणायचे असेल, तर शब्दांचे अर्थ नव्याने ठरवावे लागतील. पुढे अक्काची नजर उतरली आणि सुईच्या नाकात दोरा जाईना, तेव्हा सुया मी ओवून देऊ लागलो. एका बैठकीला लागतील तेवढ्या ओवून मी त्या उशीच्या कडेला टोचून ठेवी. मांजरे सुई ओवत नाहीत. हेही त्या पुठ्ठ्यावर कुठे तरी यायला हवे होते.

मायची एक रीत होती. उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये. घेतली तर पांघरणाऱ्याला भूक छळते. म्हणून वाकळीचे तीन कोपरे आधी शिवून टाकायचे, आणि चौथा बंद करण्यापूर्वी, ज्याच्यासाठी ती वाकळ आहे त्याने आपल्या ताटातला एक घास त्यात घालायचा. मग कोपऱ्यावर कापडाची तिकोनी घडी बसवायची, जिला आम्ही फूल म्हणत असू, आणि टाके घालून घास आत कोंडायचा. आपल्या घरी आल्यावर अक्काने पहिली वाकळ मायसाठी केली. मायने जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याला दुधाची साय लावली, कारण वाकळ चांगली जेवली पाहिजे, आणि चौथ्या कोपऱ्यात सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का अंगणात ती वाकळ घेऊन उभी होती. कोपऱ्याचे फूल उधडलेले, आणि भुरी पायरीवर बसून मिशा पुशीत होती.

“माय, तुयी वाकय मांजरानं खाल्ली.”

“वाकय नाई खाल्ली व तिनं. माया घास खाल्ला.”

“मंग वाकय उपाशीच राह्यली नं?”

माय विचारात पडली. “मांजर जेवलं म्हनजे वाकय जेवली,” तिने शेवटी निवाडा दिला. “पन रोज रोज कोपरा कोन शिवन? दुसरं काई पाह्य.”

अक्काने दुसरे पाहिले. माणूस तोंडात घालतो, पण मांजर ज्याला तोंड लावत नाही, असे काही तरी चौथ्या कोपऱ्यात घालायचे असे तिने ठरवले. ते प्रत्येकाने आपल्या हाताने द्यायचे, आणि ज्याचे त्याचे वेगळे. मायच्या वाकळीत लवंग गेली, कारण दाढ दुखायची म्हणून माय सदा लवंग धरून असे. भावाच्या वाकळीत आवळकाठी, जी तो गाडीवर चघळत असे. पुढे मुक्ता जन्मली, बोलू लागली, तेव्हा तिच्या चिमुकल्या वाकळीत तिने चोखून दिलेला चिंचोका. आणि माझ्या वाकळीत अर्थातच सुपारी. मी कातरून दिली, अक्काने ती फुलाखाली ठेवली आणि अंगठ्याने दाबून पाहिली.

“हे मांजर काई खात नाई,” ती म्हणाली. “तूच खाशीन एखांद्या दिवशी.”

माझी ती वाकळ मी विरेपर्यंत पांघरली. रात्री कूस बदलताना चौथा कोपरा हाताला लागला की अंगठा आपोआप सुपारीवर जाई. पुढे कापड विरले, फूल सुटले, आणि एका धुण्यात ती सुपारी कुठे गेली ते कळले नाही. त्या वेळी वाटले, दुसरी होईलच.

काळाने घर रिकामे केले. वडील गेले, माय गेली, भुरी गेली. भावाची आर्वीच्या आगारात बदली झाली आणि तो बायको-मुलीसह तिकडे गेला. मी लग्न केलेले नव्हते. घरात अक्का आणि मी, आणि भुरीच्या वंशातली एक मांजरी उरलो. ही पांढरी होती आणि अंगावर करडे ठिपके, कापसात राहिलेल्या सरकीसारखे; म्हणून तिचे नाव सरकी. गिरणीचा भोंगा तोपर्यंत बंद झाला होता. आम्ही दोघेही दुपारी एका ठरावीक वेळी मान वर करीत असू आणि पुन्हा खाली घालीत असू.

मग अक्काचे आणि माझे बोलणे थांबले.

कशावरून, ते लिहीत नाही. लिहिण्याएवढे ते मोठे नव्हते, आणि ज्या गोष्टी लहान असतात त्यांवर समेट करणे फार अवघड, हे मी न्यायालयाच्या दारात रोज पाहिले आहे. ती माझी थोरली, तिने आधी बोलावे, असे मला वाटले. तो पुरुषमाणूस, त्याने आधी बोलावे, असे तिला वाटले असणार. मुक्ता म्हणते, अक्का फक्त मांजरांशी बोलायची. मुक्ता सुट्टीत येई ती याच वर्षांत, आणि तिने जे पाहिले ते असे:

“सरके, त्याले सांग, चहा ठेवला हाय. थंडा झाला तं पुन्हा गरम नाई होनार.”

“सरके, तिले सांग, साखर कमी हाय.”

“सरके, त्याले इचार, साखर का मांजरानं खाल्ली? मयना सरला. दुकान का माया बापाचं हाय?”

“सरके, तिले सांग, बाप आमचा एकच होता.”

अक्का मांजरीकडे तोंड करून बोले, मी वर्तमानपत्राकडे तोंड करून बोले, आणि सरकी मधोमध बसून पंजा चाटत राही. दहा वर्षांच्या मुलीला यातून काय समजणार? तिला वाटले, आत्या मांजराशी बोलते. परंतु आता ती दहा वर्षांची नाही, आणि तिने एवढे ओळखायला हवे की अक्का मांजराशी बोलत नव्हती, मांजरामार्फत बोलत होती. मी आयुष्यभर कागदावर लिहिले: अर्जदार अमुक, मार्फत तमुक. ज्याचे म्हणणे मार्फत येते, त्याला मुका कोणी म्हणत नाही. चुलीचे, पाण्याचे, वाण्याचे, पावसात गळणाऱ्या कोपऱ्याचे, सगळे व्यवहार आम्ही सरकीमार्फत केले. त्यात तिचे कधी चुकले नाही. ज्याचा निरोप त्याला पोचला.

शेवटची वाकळ अक्काने त्याच काळात शिवायला घेतली. चौकटी पूर्वीपेक्षा बोटभर मोठ्या झाल्या, कारण सरकी अंगाने बारीक होती. दुपारी माझ्या खुर्चीच्या हातावर सुई आणि दोरा येऊन पडू लागला.

“सरके, सुई ओवून दे,” अक्का म्हणे.

सरकीने जन्मात एकही सुई ओवली नाही. मी ओवून तिथेच ठेवी, आणि ती काही वेळाने उचलली जाई. भिंतीपाशी पुन्हा तट्‌ वाजे. मी अडकित्ता काढी. त्या हिवाळ्यात परसातल्या बोरीला पुष्कळ बोरे आली होती, आणि दुपारभर ती टपटप गळत; आम्ही दोघे ती ऐकत असू आणि वेचायला कोणी उठत नसे.

चौकटी जोडून झाल्या. अस्तर लागले. एक, दोन, तीन कोपरे झाले. त्या दुपारी मी बाहेर गेलो नाही. एक चांगली सुपारी निवडली, अर्धी करून एक खांड जरा गोल तासले, डब्यात वरच ठेवले, आणि वर्तमानपत्र उलटे धरले असते तरी मला कळले नसते असा बसून राहिलो. हे आज सांगायला हरकत नाही. ती एवढेच म्हणाली असती, ‘सरके, त्याले सांग, घास दे म्हना,’ तरी पुरे होते.

ती म्हणाली नाही. ऊन उतरले, तिने सामान आवरले आणि चुलीकडे गेली. मी समजलो. ज्याच्यासाठी वाकळ असते त्याच्याकडे घास मागतात. माझ्याकडे मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीहून आलो तर माझ्या पानाच्या डब्याचे झाकण जमिनीवर पडलेले. सरकी बाजूलाच बसली होती. मी आदल्या दिवसाचा रागावलेला होतो, तिच्यावर ओरडलो.

“लाज नाई वाटत? माया डब्यात तोंड घालतं?”

सरकी मिटीमिटी पाहत राहिली. अक्का चुलीपाशी होती. तिने मांजरीची बाजू घेतली नाही, हे मला तेव्हा विशेष वाटले, कारण मांजरीची बाजू ती नेहमी घेत असे.

त्यानंतर ती वाकळ घडी होऊन माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीवर आली आणि तिथेच राहिली. सरकी तिच्यावर निजे. मी म्हटले, सरकीची असेल. कोणाची का असेना, माझी नव्हती. आणि परक्याच्या वस्तूला हात लावू नये, हा माझा नियम आहे. थंडी पडे, मी चादरीवर चादर घेई. पलीकडे हात केला तर पोचेल इतक्या अंतरावर ती वाकळ असे. दिवाळी मागून दिवाळी आली. अक्काही ती वाकळ तिथून उचलीत नसे, आणि मीही नसे. झाडताना मात्र अक्का ती खुर्ची पुसून जाई.

तिच्या शेवटच्या आजारात भाऊ आर्वीहून येऊन जाऊन होता, शेजारच्या बाया होत्या. त्या सकाळी मात्र मी एकटाच होतो. खिडकीतून वारा येत होता.

“सरके,” अक्का म्हणाली. आवाज फार लहान झाला होता. “त्याले सांग, खिडकी लाव म्हना. गार लागून राह्यलं.”

मी खिडकी लावली. माझ्या दोन्ही चादरी तिच्या अंगावर घातल्या. ती वाकळ घालावी असे मनात आले. हात त्या खुर्चीपर्यंत गेलाही. पण ती कोणाची होती? मी हात मागे घेतला. सरकी तिच्या पायांशी निजलेली होती. जरा वेळाने ती उठली, अंग ताणले, खाली उतरली आणि माझ्या खाटेवर येऊन बसली. त्यावरून मला समजले.

पुढे भाऊही गेला. मुक्ता एकदा जुन्या वस्तू पाहायला आली, तेव्हा पत्र्याची पेटी आणि ती वाकळ मीच तिच्या गाडीत ठेवली. “ज्याची असन त्याले देजो,” असे म्हणालो. तिने ती भिंतीला दिली.

आता प्रदर्शनातल्या त्या सकाळविषयी. मुक्ताने मला आग्रहाने बोलावले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारले, “कसं वाटलं, काका?”

“खोटं वाटलं.”

ती हसली. माझ्या बोलण्याची तिला सवय आहे. “काय खोटं आहे त्यात?”

“सारंच. कोनासाठी नव्हती हे तुले कोनं सांगतलं?”

“आत्यानंच. काका, मी स्वतः विचारलं होतं तिला. ती वाकळ खुर्चीवर होती, मला फार आवडली होती. मी म्हटलं, ‘आत्या, ही माझी?’ ती म्हणाली, ‘नाई बेटा.’ ‘मग बाबांची?’ ‘नाई.’ ‘आईची?’ ‘नाई.’ मग मीच म्हटलं, म्हणजे कोणाचीच नाही! ती नुसती हसली.”

“सारायचं नाव घेतलं तू. मायं घेतलं?”

“तुमचं?” ती हळू म्हणाली. “तुम्ही तर एकमेकांशी बोलतच नव्हता.”

“बोलत होतो.”

“मांजराला मधे घालून.”

“मंग? बोलनं नाई का ते?”

तिने माझा हात धरला. हे मला आवडले नाही. वादात हात धरू नये. “काका, तुमची होती असं तुम्हाला म्हणायचंय का? तसं असेल तर मी आत्ता पुठ्ठा काढते. खरं सांगा.”

खरे सांगणे हा माझा धर्म आहे, आणि त्या क्षणी तोच आडवा आला. “मले घास मांगितला नाई तिनं,” मी म्हणालो. “मायी म्हनून कसा सांगू?”

“मग मी चूक काय लिहिलं?”

तेवढ्यात मुक्ताला कोणी बोलावले आणि ती पाहुण्यांकडे गेली. मी त्या वाकळीसमोर एकटा राहिलो. वडिलांचे धोतर होते, मायचा हिरवा काठ होता, खाकी बाही होती. आणि नीट पाहिले तर मधल्या ओळीत, एकामागून एक, माझ्या सदऱ्यांच्या चौकटी होत्या, प्रत्येकीच्या मधोमध शाईचा डाग. अर्थात यावरून काही सिद्ध होत नाही. घरातले जुने कापड वाकळीत जातेच, असे समोरचा म्हणेल, आणि त्याचे म्हणणे ग्राह्य धरावे लागेल.

मी हात पुढे केला.

“बाबाजी, हात नका लावू,” तिथे उभी असलेली पोरगी म्हणाली. “लिहिलं हाय पाहा.”

“मले नको सांगू, बाई. याच्या सुया म्या ओवल्या हायेत.”

ती काय समजली कोण जाणे. पण तिने तोंड दुसरीकडे केले. वरच्या कोपऱ्याला कसाबसा हात पोचला. मऊ. दुसरा, मऊ. खालचा उजवा, मऊ. मग मी गुडघ्यावर बसलो, जे आता मला सोपे राहिलेले नाही.

हिवाळा लागला आहे. हे लिहीत असताना खिडकी लावलेली आहे आणि अंगावर दोन चादरी आहेत. खुर्ची जागेवर आहे. तिच्यावर आता काही नाही. मुक्ता, पुठ्ठा बदलायचा की नाही ते तू ठरव. बोलली नाही हे खोटे, एकाकी हे खोटे, आणि कोणासाठीच नव्हती हे सर्वांत खोटे. यावर मी आणखी पुष्कळ लिहू शकलो असतो, परंतु गरज नाही. प्रदर्शन उठण्यापूर्वी एकदा तिथे जा, खाली बस, आणि डाव्या कोपऱ्यातले फूल अंगठ्याने दाबून पाहा.

आत अर्ध्या सुपारीचे खांड आहे, जरा गोल तासलेले.